तिसऱ्या मजल्यावरचा दिवा

घर बघायला गिऱ्हाईक येणार असेल तर आपण अर्धा तास आधी पोचायचं. खिडक्या उघडायच्या, सगळे नळ मिनिटभर सोडायचे म्हणजे मोरीचा कोंदट वास जातो, आणि शेवटी दिवे लावायचे. भर दुपारीसुद्धा लावायचे. अंधाऱ्या घरात माणूस अंग चोरून शिरतो. दिवा दिसला की पाय आपोआप आत पडतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. एकवीस वर्षं लोकांना दुसऱ्यांची घरं उघडून दाखवली, त्यातून मला आलेलं शहाणपण हे एवढंच, आणि त्यानंच माझा घात केला.

बाजारात मला किल्लेदार म्हणतात. किल्ला-बिल्ला काही नाही, कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो म्हणून. मी स्वतः राहतो ती खोली एका इमारतीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर आहे आणि तिला खिडकी नाही. लोकांना हवेशीर घरं दाखवणारा माणूस बिनखिडकीच्या खोलीत राहतो, यालाच दिव्याखाली अंधार म्हणत असावेत.

यंदा कायदा बदलला. आजवर परवाना एकट्या बाईंचा होता आणि त्यांच्या पदराआड मी. बाई म्हणजे आमच्या ऑफिसच्या मालकीण. जीभ तिखट, हिशेब चोख, आणि गुडघे कामातून गेलेले. आता मात्र गिऱ्हाइकाला नुसतं दार उघडून देणाऱ्यालाही स्वतःचा परवाना लागणार होता.

"माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय," बाई म्हणाल्या. "तू परवाना काढ, ऑफिस तू चालव. नाही निघाला तर वर्षअखेर मी शटर ओढणार. लेकीकडे जाऊन आराम करीन."

त्यांना जायला लेक होती. ऑफिस गेलं तर मला ती खोली उरत होती, दिवसभराची. संध्याकाळपुरती ती कशीबशी सोसते. सकाळी दहा वाजता तिच्यात बसून मी काय करणार? म्हणून परवाना मला हवा होता. पोटासाठी हवा होताच, पण खरं सांगायचं तर दिवसभर माणसांत राहण्यासाठी जास्त.

परवाना मंडळाच्या दाराशी टेबल टाकून एक फॉर्म भरून देणारा बसतो. नाव, वय, पत्ता, अनुभव असं भरभर लिहीत तो चौदाव्या प्रश्नापाशी आला. "कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? नाही," असं म्हणत त्यानं खूण करायला पेन टेकवलंसुद्धा.

"थांबा," मी म्हणालो.

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "किती वर्षं झाली?"

"एकोणीस."

"अहो, गाडलेली मढी कशाला उकरताय? नाही लिहू, मोकळे होऊ."

मी काही सत्यवादी हरिश्चंद्र नाही. प्रश्नाखालच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, की जुन्या गुन्ह्यामुळे अर्ज आपोआप बाद होत नाही, पण लपवलेला सापडला तर कायमचा बाद होतो. मी ते दोनदा वाचलं आणि "हो" वर खूण करायला सांगितली. तेव्हा त्या माणसानं खणातून आणखी एक कागद काढला. "मग अर्जाला हमीपत्रं जोडावी लागतील. दोन जणांची. नातेवाईक चालणार नाहीत. पाच वर्षांहून जुनी ओळख हवी, आणि पत्रात स्पष्ट हवं, की तुमचा गुन्हा काय ते आम्हाला माहीत आहे."

नातेवाईक चालणार नाहीत याचं मला दुःख नव्हतं. नात्यात एक ताई, आणि मी घराण्याची अब्रू वेशीवर टांगली म्हणून तिनं एकोणीस वर्षांपूर्वीच बोलणं टाकलेलं. प्रश्न दुसराच होता. माझा गुन्हा माहीत असलेला माणूस मी आणायचा कुठून? तो लपवण्यातच तर माझी सगळी हुशारी खर्च झाली होती.

गुन्हा असा होता. तेव्हा मी दुसऱ्या एका एजंटाकडे होतो. आई गेली त्या साली. ती होती तोवर संध्याकाळी परतताना कोपऱ्यावरून आमच्या खिडकीतला दिवा दिसायचा. आई गेली, घर मालकानं परत घेतलं आणि मी या बिनखिडकीच्या खोलीत आलो. इथे दिवा लावून ठेवला काय नि न ठेवला काय, बाहेरून कुणाला दिसणार?

बोटीवरच्या एका इंजिनीयरचं घर भाड्यानं द्यायला आमच्याकडे आलं होतं. तिसरा मजला, रस्त्याकडे खिडकी, सामानसुमान जागच्या जागी. मालक समुद्रावर. एका संध्याकाळी गिऱ्हाइकाला घर दाखवलं, कुलूप लावलं, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर आठवलं की दिवा राहिला. मागे वळून पाहिलं. खिडकीत दिवा होता. कुणीतरी घरी आहे, असं वाटायला लावणारा. दिवा बंद करायला म्हणून मी वर गेलो आणि खिडकीजवळच्या खुर्चीत तासभर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी तो मुद्दाम लावून ठेवला. चौथ्या दिवशी तिथेच झोपलो. कप माझा, चादर माझी, खुर्ची ती एकच. सकाळी कामावर जाताना दिवा लावून जायचा, संध्याकाळी येताना कोपऱ्यावर थांबून वर बघायचं. असे एक्केचाळीस दिवस. बेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी चहा पीत बसलो होतो आणि दारात किल्ली फिरली.

विश्वासानं दिलेल्या किल्लीचा गैरवापर आणि परक्या घरात घुसखोरी. मी गुन्हा कबूल केला, तीन आठवडे आत काढले, नोकरी गेली. कोर्टात सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. काय केलं ते विचारलं; कशासाठी ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तेव्हा मला सांगता आलं नसतं.

आधी बाईंना सांगितलं. दुपारची वेळ होती, ऑफिसात आम्ही दोघंच. मी उभ्यानं सगळं बोललो. बाईंच्या मागे भिंतीवर किल्ल्यांची फळी आहे, आकडे लावलेल्या खुंट्या, प्रत्येकीला एक घर लटकलेलं. मी त्या फळीकडे बघून बोलत होतो.

"सोळा वर्षं," बाई म्हणाल्या. "सोळा वर्षं माझ्या समोर बसून जेवलास आणि तोंडातून चकार शब्द नाही."

"नाही."

"माझ्या घरांत राहिलास कधी?"

"नाही."

"खरं सांग."

"बसलो आहे. दोनदा. दार उघडं ठेवून."

बाईंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, एकेक किल्ली काढून पिशवीत टाकली आणि फळी रिकामी करून घरी गेल्या. दोन दिवस मी त्या रिकाम्या फळीसमोर बसून होतो. फोन आले त्यांना सांगितलं, की घर दाखवता येणार नाही, किल्ली जागेवर नाही. तिसऱ्या दिवशी पिशवी परत आली. बाईंनी एकेक किल्ली तिच्या खुंटीला लावली आणि माझ्यापुढे एक पाकीट टाकलं.

"लिहिलंय. राग गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "परक्या घरात घुसलास म्हणून नव्हे. अरे, एकटा होतास तर माझ्याकडे जेवायला यायचं. मी काय वाघीण आहे?"

वाघीण आहेत, पण ते बोलायची ती वेळ नव्हती. मला एवढंच वाटलं, की हे बोलावणं सोळा वर्षं तसंच पडून होतं आणि माझ्या लबाडीपायी मला ते कधी मिळालं नाही.

दुसऱ्या पत्राला मात्र माणूस सापडेना. मी एक वही घेतली आणि ओळखीची नावं लिहायला बसलो. सुतार, रंगारी, कुलूपवाला, दोन वकील, चहावाला. सगळे मला हाक मारतात, माझ्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही. आणि आता सांगायला जावं, तर पत्राआधी बाजारभर बोभाटा व्हायचा; तेव्हाचा एजंट तर कधीच शहर सोडून गेलेला. पान संपत आलं तेव्हा मला कळलं, की माझा गुन्हा आधीपासून माहीत असलेला, आणि माझ्या नात्यातला नसलेला असा या शहरात एकच माणूस आहे. तक्रार त्यानंच केली होती.

त्या गल्लीत मी एकोणीस वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. तिथलं घर विकायला आलं की काहीतरी सबब सांगून टाळायचो. यावेळी गेलो. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, आजूबाजूच्या खिडक्यांत दिवे लागले होते आणि तिसरा मजला अंधारात होता. घर विकलं असेल, म्हातारा गेला असेल, असं मनाला समजावत मी वर चढलो. दारावर पाटी तीच होती.

दार उघडलं. इंजिनीयर खूप वाकले होते. "कोण?"

"मी एकोणीस वर्षांपूर्वी तुमच्या घरात राहिलो होतो."

"भाडेकरू?"

"नाही," मी म्हणालो. "तो."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, दार तोंडावर आपटणार. ते बाजूला झाले. "या. घर तुम्हाला ठाऊकच आहे."

आत सगळं होतं तिथेच होतं, फक्त दिसत नव्हतं. मी अडखळलो. "दिवा लावत नाही का?"

"एकट्या माणसाला दिवा कशाला? कुठली वस्तू कुठे आहे ते मला पाठ आहे. वीज काय फुकट येते?" ते चाचपडल्याशिवाय जाऊन पलंगाच्या कडेला बसले. मी उभाच राहिलो, तेव्हा म्हणाले, "खिडकीजवळ बसा. तीच ना तुमची खुर्ची? बाकीच्यांवर धूळ तशीच होती, म्हणून कळलं."

मी बसलो आणि काम सांगितलं. सांगताना मलाच ते इतकं निर्लज्जपणाचं वाटलं, की मध्येच म्हणालो, "तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही."

"तुम्हाला राग यायचा काय संबंध?" ते म्हणाले. "राग माझा आहे. मी कशासाठी तक्रार केली, माहीत आहे का तुम्हाला?"

"घरात घुसलो म्हणून."

"घरात तर उंदीरही घुसतात." ते खिडकीकडे वळले. "बायको त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती. मूलबाळ नाही. त्या खेपेला बोट दोन आठवडे आधी लागली. कुणाला कळवलं नव्हतं. कळवायला होतंच कोण? टॅक्सीतून उतरलो, सवयीनं वर पाहिलं, तर दिवा. आता मला काय ठाऊक नव्हतं? बायकोला याच हातांनी पोचवून आलो होतो. तरी तीन जिने मी आनंदानं चढलो. बॅगा ओढत, धापा टाकत. दार उघडलं, आणि आत तुम्ही. कप हातात घेऊन."

मी खुर्चीच्या कडेला सरकून बसलो.

"इन्स्पेक्टर म्हणाला, साहेब, काहीच गेलेलं नाही, सोडून द्या बिचाऱ्याला. मी म्हटलं, नाही, लिहून घ्या. काय गेलं ते त्याला कसं सांगणार?"

इतकी वर्षं मी समजत होतो, की माझा गुन्हा कुलपाचा आहे. त्या माणसासमोर वाटली तेवढी लाज मला कोर्टातसुद्धा वाटली नव्हती. मग मी त्यांना माझ्या दिव्याची गोष्ट सांगितली. आईची, बिनखिडकीच्या खोलीची, कोपऱ्यावर थांबून वर बघण्याची. आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होतो आणि अंधार होता म्हणून जमलं. मी थांबल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तुम्हीही खालूनच बघत होता."

"हो."

"सुनावणी कधी?"

"सतरा तारखेला. दुपारी तीन."

"पत्र मी थेट मंडळाला पाठवीन. काय लिहीन ते सांगणार नाही." दारापर्यंत आले, आणि मी दोन पायऱ्या उतरल्यावर म्हणाले, "निकाल कळवा. टपालानं नको. मी टपाल उघडत नाही."

सतरा तारखेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. बाई मात्र रोज एक नवीन खुसपट काढत होत्या. सुनावणीच्या दिवशी त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर स्वतः सरळ केली आणि म्हणाल्या, "घुम्यासारखा बसू नकोस. विचारलं तर बोल."

टेबलामागे तिघं होते. मधल्या अध्यक्षीणबाईंना सर्दी झालेली, हातात रुमाल. त्यांनी कागद चाळले. "एक्केचाळीस दिवस. चोरी नाही, नासधूस नाही. मग काय करत होता तुम्ही तिथे?"

"दिवा लावत होतो," मी म्हणालो.

डावीकडच्या गृहस्थांना हसू आलं. अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. "म्हणजे?"

मी सांगितलं. एकदा अंधारात बोलून झालं होतं, म्हणून उजेडात निभावलं. डावीकडच्या गृहस्थांचं हसू मधेच कुठेतरी विरलं. मग बाईंचं पत्र वाचलं गेलं: माणूस घुमा आहे, हट्टी आहे, पण सोळा वर्षांत एक किल्ली हरवली नाही. मग दुसरं पाकीट फोडलं.

अध्यक्षीणबाईंनी मोठ्यानं वाचलं. "हा गृहस्थ माझ्या घरात एक्केचाळीस दिवस राहिला. तक्रार मीच केली होती. ती खरी होती आणि आजही मागे घेत नाही. पाच खुर्च्यांपैकी चारांवरच्या धुळीला त्यानं हात लावला नव्हता. परवा तो स्वतः माझ्या दारात आला आणि कोण म्हणून मी विचारल्यावर त्यानं आधी गुन्हा सांगितला. माझ्या घराची किल्ली मी त्याला देईन. आपलं तुम्ही बघा."

त्या तिघांनी डोकी एकत्र करून दहा मिनिटं कुजबुज केली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "गुन्हा जुना आहे, तुम्ही लपवला नाहीत, हे जमेला धरलं. पण तो याच धंद्यातला आहे, किल्लीचाच आहे, म्हणून नुसता परवाना देता येणार नाही. अट घालतोय. दोन वर्षं रिकाम्या घरात एकट्यानं जायचं नाही. प्रत्येक वेळी सोबत एक नोंदवलेला माणूस हवा. त्याचं नाव पंधरा दिवसांत कळवा, नाहीतर परवाना रद्द. काही अडचण?"

मला एकदम भरून आलं. रिकाम्या घरात एकट्यानं जायचं नाही, असं मला आजवर कुणी बजावलं नव्हतं. अध्यक्षीणबाईंना वाटलं, मला अट जाचक वाटतेय. "दोनच वर्षं आहेत," त्या जरा नरमाईनं म्हणाल्या.

"अडचण नाही," मी म्हणालो. "नाव मात्र शोधावं लागेल."

बाहेर येऊन बाईंना फोन केला. त्या आधी रडल्या, मग ओरडल्या, की सोबत म्हणून माझं नाव घालू नकोस, माझे गुडघे जिने चढणार नाहीत. आणि रविवारी जेवायला ये. सोबत्याच्या नावाचा कोरा कागद मी घडी घालून खिशात ठेवला. सुतार, रंगारी, कुलूपवाला अशी सगळी वही पुन्हा मनात चाळून झाली. इंजिनीयरांना निकाल सांगायचा होता, म्हणून पाय त्या गल्लीकडे वळले, पण सरळ जाववेना. एका बाकावर बसलो, उगाच दोन कप चहा घेतला. त्यांनी कळवा म्हटलं होतं ते रीत म्हणूनही असेल, माणसं तसं म्हणतात.

कोपऱ्यावर पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. सवयीनं थांबलो आणि वर पाहिलं.

तिसऱ्या मजल्यावर दिवा होता.

मला काय ठाऊक नव्हतं? आई गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. घर माझं नव्हे. दिवा तर चोरसुद्धा लावतो, मी लावलाच होता. हे सगळं मी त्या कोपऱ्यावर उभा राहून स्वतःला नीट समजावून सांगितलं आणि निघालो. छप्पन्नाव्या वर्षी तीन जिने काही कमी नसतात. दुसऱ्या जिन्यावर धाप लागली, तरी कठड्याला धरून थांबलो नाही.

दार अर्धं उघडंच होतं. इंजिनीयर आत उभे होते, उजेडात डोळे बारीक करून.

"उशीर केलात," ते म्हणाले. "साडेसहापासून वीज जळतेय."